चूल, जमात आणि दर्या

इब्न बतूता मोरोक्कोतून निघाला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. पुढची जवळजवळ तीस वर्षे तो हिंडत राहिला. १३४२ च्या सुमारास तो भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर होनावरला पोहोचला. तिथले मुसलमान इस्लामी कायद्याच्या शाफई पंथाचे आहेत, याची त्याने नोंद केली. बायका शिवलेले कपडे घालत नाहीत, न शिवलेले वस्त्र अंगाभोवती घेऊन त्याचेच टोक डोक्यावर ओढतात, त्यांना कुराण पाठ असते, गावात मुलींच्या १३ आणि मुलांच्या २३ शाळा आहेत, असेही त्याने लिहून ठेवले. दहा वर्षांनी, १३५२-५३ मध्ये, हाच माणूस सहारा ओलांडून पश्चिम आफ्रिकेतल्या माली राज्यात गेला. तिथली शुक्रवारच्या नमाजाची गर्दी, त्या दिवशीचे पांढरेशुभ्र कपडे आणि मुलांकडून कुराण पाठ करून घेण्याची कडक शिस्त त्याला भावली. वलाता गावात मात्र काझीच्या घरात एक परकी बाई मैत्रीण म्हणून मोकळेपणाने बसलेली पाहून त्याला धक्का बसला. तो स्वतः काझीचे काम केलेला माणूस होता. असे इस्लाममध्ये कसे चालते, हे त्याला समजेना.

दोन्ही ठिकाणी किताब एक, कलमा एक, किब्ला एक. तरीही त्याच्या डोळ्यांत भरल्या त्या रोजच्या गोष्टी: कोण काय नेसते, मुलीला शाळेत घालतात की नाही, पाहुण्यापुढे काय वाढतात, बाई कुणाशी बोलते. कोणताही धर्म गावात दिसतो तो या गोष्टींमधून. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर मुसलमान समाज हजारेक वर्षांच्या समुद्री व्यवहारातून घडत आला आहे. मराठी वाचकाला तो शेजारी म्हणून ठाऊक आहे आणि अभ्यासाचा विषय म्हणून जवळजवळ अनोळखी. या लेखाचा सगळा आग्रह त्या उणिवेबद्दल आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या आडबाजूच्या गावांना जो जवळून केलेला अभ्यास लाभला, तो रत्नागिरीला अजून लाभायचा आहे.

कोरहोगो आणि दोगोंदूची

आयव्हरी कोस्टच्या उत्तरेला कोरहोगो नावाचे शहर आहे. त्यातल्या कोको या मोहल्ल्यात ज्युला लोक राहतात. हे पिढीजात मुसलमान, व्यापारी आणि विणकर. आजूबाजूला सेनुफो शेतकऱ्यांची वस्ती. रॉबर्ट लॉने या अमेरिकी मानवशास्त्रज्ञाने या मोहल्ल्यात राहून अभ्यास केला आणि १९९२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्याचा प्रश्न सोपा होता आणि खोल होता. सगळ्या जगासाठी एकच असलेला धर्म एका मोहल्ल्यातले लोक आपापसांत कसा ठरवतात? एक वाद तर नमाजात हात कुठे ठेवायचे यावर होता. पश्चिम आफ्रिकेतले बहुतेक मुसलमान मालिकी पंथाचे. ते नमाजात हात बाजूला सोडून उभे राहतात. अरबस्तानात शिकून आलेले सुधारक हात छातीवर बांधू लागले. बाहेरच्याला ही बारीकशी बाब वाटेल. मोहल्ल्यात मात्र कोण कुणाच्या मागे नमाज पढणार, कोण कुणाच्या मयताला जाणार, इथपर्यंत ती पोहोचली.

दुसरी अभ्यासक आदलीन मास्कलिए. फ्रान्समध्ये जन्मलेली, अमेरिकेत न्यू ऑर्लीन्सच्या टुलेन विद्यापीठात शिकवणारी. नायजरच्या दक्षिणेतल्या दोगोंदूची या हौसाभाषक गावात ती १९८८ पासून जात राहिली. तिच्या २००१ च्या पुस्तकात तिथले बोरी उपासक आहेत. अंगात येणारे हे लोक इस्लामचा पसारा वाढताना आपली जागा आकसताना पाहत होते. २००९ चे पुस्तक त्याच गावातल्या बायकांविषयी आहे. नायजेरियातल्या जोस शहरात १९७८ मध्ये इझाला नावाची सुधारक चळवळ सुरू झाली आणि पुढे सीमा ओलांडून नायजरमध्ये आली. ताईत-गंडे सोडा, पीर-फकिरांचा नाद सोडा, लग्नातली उधळपट्टी थांबवा, असा तिचा उपदेश. ऐकायला सगळेच पटण्यासारखे. पण लग्नातल्या भेटवस्तूंची देवाणघेवाण हा बायकांचा आपला व्यवहार होता. मुलीसोबत जाणारा पलंग, भांड्यांच्या उतरंडी, आईने आणि मावश्यांनी वर्षानुवर्षे साठवलेला ऐवज, यांवर मुलीची सासरची पत ठरायची आणि बायकांची एकमेकींशी असलेली देणीघेणी टिकायची. तो खर्च अधर्म ठरला तेव्हा पुरुषांचा पैसा वाचला आणि बायकांचा आधार गेला. त्यामुळे त्या बायकांनी सुधारणेतले काही घेतले, काही बाजूला सारले. धर्माभ्यासाचा हक्क घेतला. पलंग सोडला नाही.

गावात एक जहाल उपदेशकही येऊन गेला. लोकांनी आधी त्याला डोक्यावर घेतले, नंतर त्याच्याकडे पाठ फिरवली. मास्कलिएने हे सगळे निवाडा न करता लिहिले. कोणता इस्लाम खरा, हा तिचा प्रश्नच नव्हता. खरा कोणता यावर गावातली माणसे कशी भांडतात, त्या भांडणात कुणाचे काय पणाला लागते, हे तिला पाहायचे होते. पुढे २०१९ मध्ये तिने नायजरमधल्या बेकार तरुणांच्या चहाच्या अड्ड्यांवर आणखी एक पुस्तक लिहिले. एका गावात, एका देशात तीस वर्षे परत परत जाण्याने एवढे हाती लागते.

आपल्याकडे काय आहे

रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १६ लाख १५ हजार होती. तीत मुसलमान साडेअकरा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पावणेदोन लाखांहून अधिक माणसे. रत्नागिरी शहरात मिरकरवाडा, राजिवडा, कर्ला, खाडीपलीकडे साखरतर, दक्षिणेला राजापूर तालुक्यात साखरी नाटे, जैतापूर, उत्तरेला दाभोळ, हर्णै, आत चिपळूण, खेड, संगमेश्वर. खाडीच्या तोंडाशी जिथे बंदर आहे, तिथे बहुधा जुनी मशीद आहे.

याला इतिहास आहे. दाभोळ हे बहमनी आणि आदिलशाही काळातले मोठे बंदर. पंधराव्या शतकात रशियन व्यापारी अफनासी निकितिन याच बंदरातून परतीच्या प्रवासाला निघाला. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने ते जाळले. आदिलशाहीतली तिथली घुमटाची मशीद आजही पाण्याच्या काठावर उभी आहे. अरबस्तान, इराण, पूर्व आफ्रिका आणि मलबार यांच्याशी या किनाऱ्याचे जाणे-येणे होते. त्यातून इथे जो इस्लाम रुजला, तो दिल्लीच्या सुलतानांबरोबर जमिनीवरून आलेला नव्हे, गलबतांतून आलेला. म्हणून तर कोकणी मुसलमान शाफई आहेत. देशावरचे बहुतेक मुसलमान हनफी. येमेन, सोमालिया, मलबार, जावा-सुमात्रा हे सगळे समुद्राकाठचे इलाखे शाफई.

इंग्रजांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटिअरात या समाजाचे दोन भाग सांगितले आहेत: जमाती आणि दालदी. जमाती म्हणजे खोत, काझी, व्यापारी, शेतकरी. दालदी म्हणजे दर्यावर जाणारे मच्छीमार. दोघांत लग्नव्यवहार होत नसे. अंमलदाराच्या नजरेतून लिहिलेले ते वर्णन आजही या विषयावरचे सर्वांत हाताशी असलेले साधन आहे, ही काही अभिमानाची गोष्ट नाही. पुढे इम्तियाझ अहमद यांनी १९७३ पासून दहा वर्षांत भारतीय मुसलमानांतील जात, कुटुंब, विधी आणि बदल यांवर चार ग्रंथ संपादित केले. मुसलमानांतही जातीसारख्या उतरंडी आहेत आणि त्यांचा धर्म त्या-त्या प्रदेशात मुरलेला आहे, हे त्यांतून देशाला कळले. अलीकडे दीप्रा दांडेकर यांनी कोकणातल्या सूफी स्थानांवर लिहिले आहे. पण दोगोंदूचीसारखा एकाच गावात पाय रोवून, वर्षानुवर्षे, स्वयंपाकघरापासून मासळीच्या लिलावापर्यंत केलेला अभ्यास रत्नागिरीच्या वाट्याला आलेला नाही. मराठीत तर नाहीच.

वास्तविक मराठीला ही नजर परकी नाही. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ मध्ये ‘गावगाडा’ लिहिला. इरावती कर्व्यांनी डेक्कन कॉलेजात बसून अख्ख्या महाराष्ट्राची माणसे मोजली, ऐकली, समजून घेतली. एवढी परंपरा पाठीशी असताना किनाऱ्यावरचा मुसलमान आपल्या लिखाणात दोनच वेळा येतो: दंगलीच्या बातमीत आणि ऐक्याच्या भाषणात. बातमीत तो धोका असतो, भाषणात दाखला. त्याला भाजीचा भाव, मुलीची फी, बोटीचे कर्ज आणि शेजाऱ्याशी बांधावरून वाद असतो, ते या दोन्हींत मावत नाही.

दर्या

मिरकरवाडा हे राज्यातले एक मोठे मासेमारी बंदर. सकाळी बोटी लागल्या की धक्क्यावर टोपल्या, बर्फ, डिझेलचा वास आणि लिलावाचा गलका. म्हाकूळ, बांगडा, तारली, कोळंबी वेगवेगळी होते. खरेदीदारांची वाहने रांगेत उभी असतात. बोटमालक, तांडेल, खलाशी, बर्फवाला, जाळी विणणारा, व्यापारी, कोळंबी सोलणाऱ्या बायका, प्रत्येकाचा हिशेब निराळा. बोट चालवणारा तांडेल गावचा असतो. खलाशी अनेकदा कर्नाटकातून किंवा थेट नेपाळमधून आलेले. डोंगरातला नेपाळी हिंदू तरुण कोकणी मुसलमान तांडेलाच्या हाताखाली अरबी समुद्रात जाळे ओढतो. धर्म, जात आणि मजुरी यांचा जो गुंता समाजशास्त्राच्या पुस्तकात शोधावा लागतो, तो इथे एका बोटीच्या डेकवर असतो.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. या दोन महिन्यांत बोटी वर काढतात, जाळी दुरुस्त होतात, उधारी वाढते. इस्लामी वर्ष चंद्राचे, सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे रमजान दरवर्षी मागे सरकतो. तो कधी ऐन हंगामात येतो, तर कधी पावसाळ्याच्या बंदीत. उपाशीपोटी, उन्हात, दर्यावर जाळे ओढणाऱ्याचा रोजा आणि घरी बसून केलेला रोजा यांत जे अंतर आहे, त्याची चर्चा कोणत्याही ग्रंथात सापडण्याआधी तांड्यातल्या गप्पांत सापडते. प्रवाशाला आणि आजाऱ्याला शरियतने सवलत दिली आहे. पण पहाटे निघून रात्री परतणारा तांडेल प्रवासी ठरतो का? अशा प्रश्नांवर रोजचा धर्म घडत असतो.

मग पर्ससीन या मोठ्या जाळ्यांचा वाद. ५ फेब्रुवारी २०१६ च्या शासन निर्णयाने पर्ससीन मासेमारीवर मोठे निर्बंध आले. लहान जाळीवाला म्हणतो, मोठ्या बोटी दर्या उपसून नेतात. पर्ससीनवाला म्हणतो, कर्ज काढून बोट बांधली, आता ती धक्क्याला लावून खाऊ काय? दोन्ही बाजूंना मुसलमान आहेत, दोन्ही बाजूंना कोळी, खारवी, भंडारी आहेत. साखरी नाट्याच्या मच्छीमारांनी जैतापूरच्या अणुप्रकल्पाला विरोध केला, तेव्हा तो समुद्राच्या पाण्याचा आणि पोटाचा प्रश्न होता. एप्रिल २०११ मध्ये तिथे पोलिसांच्या गोळीबारात एका तरुण मच्छीमाराचा जीव गेला. या आंदोलनाकडे पाहताना ते ‘मुसलमानांचे’ की ‘मच्छीमारांचे’ असा प्रश्न बाहेरच्यांना पडला. माणूस एकाच वेळी दोन्ही असतो, हे गावात कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

चूल

ताटात काय आहे, हे पाहिले की पंथ कळतो. हनफी मतानुसार पाण्यातल्या जिवांपैकी फक्त मासा खावा. कोळंबी चालते की नाही यावर त्यांच्या उलेमांत मतभेद आहेत, तिसऱ्या-कालवे तर नकोतच. शाफई मतात समुद्राला मोकळीक अधिक. खेकड्यासारख्या पाणी आणि जमीन दोन्हीकडे वावरणाऱ्या जिवावर मात्र शाफई ग्रंथांतही वाद आहे. आता असे समजा की उत्तर भारतात शिकलेले इमाम कोकणातल्या मशिदीत आले. त्यांना जमातीतल्या घरून डबा जातो. डब्यात तिसऱ्यांचे सुके पाठवायचे की नाही, हा प्रश्न घरातली बाई सोडवते. तिने तो कसा सोडवला, हे कुणी लिहून ठेवत नाही. कोरहोगोत हातांच्या घडीवरून जे घडले, तशाच तोलाचे काही इथे डब्यावरून घडत असणार.

असरच्या नमाजाची वेळही वेगळी. वस्तूची सावली तिच्या लांबीइतकी वाढली की शाफईंची असर सुरू होते. हनफी सावली दुप्पट होईपर्यंत थांबतात. शाफई जमातीत आमीन मोठ्याने म्हणतात, फजरच्या नमाजात कुनूतची दुआ मागतात. बाहेरगावच्या कामगाराला मशिदीत पाऊल ठेवल्या-ठेवल्या कळते की आपण दुसऱ्या मुलखात आलो.

बाकीचे ताट मात्र कोकणचे. तांदळाची भाकरी, घावणे, सांदण, गूळ घातलेल्या नारळाच्या रसातली खापरोळी, आमसुलाची आंबट कढी, पावसाळ्यासाठी वाळवलेले सोडे. शेजारच्या हिंदू घरात हेच शिजते. फरक मटणाच्या कटात आणि ईदच्या शीरखुर्म्यात. सांदण कुणाचे, हा वाद कोकणात कुणी घालत नाही, घालूही नये.

पोशाखात बदल झपाट्याचा. जुन्या पिढीतल्या बायका साडी नेसायच्या. मग सलवार-कमीज आला, मग बुरखा वाढला, मग आखातातला अबाया. बाहेरचे लोक याचा एकच अर्थ लावतात: कट्टरता वाढली. मास्कलिएने नायजरमध्ये पाहिले की अंगभर वस्त्र घेणाऱ्या तरुण मुलींची कारणे निरनिराळी होती. कुणाला धर्मनिष्ठा, कुणाला प्रतिष्ठा, कुणाला फॅशन, कुणाला घराबाहेर पडण्याचा परवाना. रत्नागिरीत कॉलेजला जाणारी मुलगी हिजाब का घेते, याचे उत्तर तिला विचारल्याशिवाय कसे मिळणार? कुणी तिच्या वतीने ते आधीच देऊन मोकळे होते, आणि तिला विचारायचे राहूनच जाते.

जमात

२०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, महाराष्ट्रात सर्वाधिक. पुरुष पोटासाठी बाहेर असतात, हे याचे कारण. सगळ्याच जातिधर्मांचे पुरुष. हिंदू चाकरमान्यांनी मुंबईत गावाच्या नावाने मंडळे काढली. मुसलमानांनी मुंबईत गावाची जमात चालवली. वर्गणी गोळा करायची, मशिदीचा खर्च, मदरशाच्या शिक्षकाचा पगार, कबरस्तानाची भिंत, गरीब मुलीचे लग्न, वाद झाल्यास निवाडा. गावची बरीच सत्ता अशी मुंबईत बसलेली असे. एका घरात गणपतीला यायचे, दुसऱ्या घरात ईदला; गाडीची गर्दी तीच.

त्याआधी पुरुष जहाजांवर जात. पी अँड ओसारख्या ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर डेकवरची माणसे म्हणून रत्नागिरी किनाऱ्यावरचे मुसलमान खलाशी आणि सारंग घेतले जात. कुणी केपटाउनला पोहोचले. तिथल्या कोकणी मुसलमानांवर इतिहासकार उमा धुपेलिया-मेस्त्री यांनी लिहिले आहे. इमिग्रेशनचे अर्ज, परमिट आणि त्यावरचे छायाचित्र या कागदांतून त्यांनी दाखवले की ही माणसे कोकणातल्या घरी जाऊन-येऊन राहत. बायकामुले गावी, मजुरी केपमध्ये, परमिटच्या मुदतीत परतण्याची धावपळ. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले आणि पुढे कल्याणला राहिलेले सूफी गुलाम मुहम्मद १८९५ मध्ये डर्बनला गेले. उमगेनी नदीच्या काठी त्यांनी मशीद, मदरसा आणि अनाथांसाठी आसरा उभा केला. केपटाउनची हबीबिया मशीद त्यांच्याच प्रेरणेची, १९०५ ची. १९११ मध्ये डर्बनलाच त्यांचे निधन झाले. आजही केपटाउनमध्ये काही घरांत कोकणी बोलली जाते. केपटाउनचे भाषावैज्ञानिक राजेंद मेस्त्री यांनी सोनल कुलकर्णी-जोशी आणि ऋता पराडकर यांच्यासह तिचा अभ्यास करून २०१७ मध्ये लेख प्रसिद्ध केला. केपटाउनमधली कोकणी नोंदली गेली, ही आनंदाची गोष्ट. मिरकरवाड्यातल्या कोकणीची पाळी कधी?

१९७० च्या दशकानंतर आखात. कुवेत, दुबई, सौदी, कतार. त्या पैशाने जांभ्या दगडाच्या, कौलारू घरांच्या जागी स्लॅबची घरे आली. उतरत्या छपराच्या, लाकडी खांबांच्या बिनमिनाराच्या जुन्या मशिदी पाडून घुमट-मिनारांच्या नव्या उभ्या राहिल्या. पैशाबरोबर विचारही आले. दर्ग्यावर जाणे बरे नव्हे, फातिहा नको, लग्नात हळद नको. पाठीमागे घर चालवले ते बायकांनी. बँक, शाळा, बांधकामाचा गवंडी, सासू-सासऱ्यांचे औषधपाणी, सगळे एकटीने. या बायकांच्या हातात घरकारभार आला, पण जमातीच्या सभेत त्यांना जागा आहे का? एखाद्या अभ्यासकाने एका गावात बसून एवढा एकच प्रश्न दहा वर्षे विचारला, तरी पुस्तक होईल.

लग्नाचे घ्या. कोकणी मुसलमानांच्या लग्नात हळद, मेंदी, बायकांनी आपल्या बोलीत म्हटलेली गाणी, गावजेवण, सोने असा मोठा कारभार असे. ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने २०२१ मध्ये साध्या निकाहाची मोहीम चालवली. कर्जात बुडणाऱ्या बापाला तिचा आधार वाटला असेल, यात शंका नाही. पण हळदीबरोबर गाणी गेली तर ती गाणाऱ्या म्हातारीचे स्थान कुठे राहते? दोगोंदूचीच्या पलंगाचा धडा इथे लागू पडतो: खर्च कमी करण्याआधी तो कोणासाठी काय करत होता, हे पाहावे लागते.

दर्गा आणि दलवाई

रत्नागिरीजवळ हातीस गावात पीर बाबरशेखांचा दर्गा आहे. उरुसात गावातले हिंदू मानकरी पुढे असतात. दापोली तालुक्यात केळशीला याकूतबाबांचा दर्गा. शिवाजी महाराजांनी त्याला इनाम दिल्याचे सांगतात. माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२-१४३१) कोकणी मुसलमानांचे, मोठे विद्वान. त्यांनी कुराणावर अरबी भाष्य लिहिले आणि त्यांच्या उरुसात पहिली चादर मुंबई पोलिसांची असते. या स्थानांवर ऐक्याचे लेख पुष्कळ झाले. त्या लेखांत सहसा विचारले जात नाही ते असे: दर्ग्यावर जाणे चूक मानणारा मुसलमान तरुण आणि नवस फेडायला आलेली हिंदू आजी एकाच वाटेवर भेटतात, तेव्हा काय होते? मानाच्या वाटपात कोणाची जात मोजली जाते? ऐक्य रोज राखावे लागते, त्याला कष्ट पडतात. ते कष्ट कोण करते, हे लिहिले गेले पाहिजे.

या किनाऱ्याने असा लिहिणारा एक माणूस दिला होता. हमीद दलवाई, चिपळूणजवळच्या मिरजोळीचे, जन्म २९ सप्टेंबर १९३२. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. तोंडी तलाक बंद करा, ही मागणी. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. ३ मे १९७७ रोजी, अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी ते गेले. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी तिहेरी तलाक रद्द ठरवला आणि २०१९ मध्ये कायदा झाला, तेव्हा त्यांची आठवण देशभर निघाली. सुधारक म्हणून त्यांच्यावर वाद झाले आणि होत राहतील. पण ‘इंधन’ ही त्यांची १९६५ ची कादंबरी मी त्या वादापलीकडची मानतो. कोकणातले एक गाव, त्यातले मुसलमान खोत घराणे, कुळवाडी, महारवाड्यातली माणसे, जमिनीचे बदललेले कायदे, बायकांवरचे हक्क आणि त्यांतून पेटत जाणारा वैरभाव. १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्याने गावात काय हलले, हे तिथे माणसांच्या वागण्यातून दिसते. दलवाईंनी गाव आतून पाहिले आणि आपल्या लोकांना झाकून ठेवले नाही. मानवशास्त्राची पदवी नसलेला हा या किनाऱ्याचा पहिला खरा मानवशास्त्रज्ञ. त्यांच्यानंतर ती जागा रिकामी आहे.

कोणी लिहायचे

दापोलीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. हापूसच्या मोहोराची, फळमाशीची, साक्याची तिथे वर्षानुवर्षे तपासणी होते. रत्नागिरीत शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. माशांच्या अंड्यांपासून शीतगृहापर्यंत सगळे तिथे शिकवतात. आंब्याला आणि माशाला विद्यापीठ आहे, हे योग्यच झाले. आंबा राखणाऱ्या आणि मासे धरणाऱ्या माणसांच्या घरात काय चालते, त्याचा अभ्यास करणारी खुर्ची मात्र जिल्ह्यात नाही. मुंबई विद्यापीठाचा उपपरिसर रत्नागिरीत आहे, १९४५ पासूनचे गोगटे कॉलेज आहे, मिस्त्री हायस्कूलसारख्या शाळांतून उर्दू-मराठी-इंग्रजी तिन्ही भाषा हाताळणारी मुले बाहेर पडतात. साधने आहेत, माणसे आहेत. हेतू ठरवायचा आहे.

माझ्या मते हे काम पहिल्यांदा राजिवड्याच्या, साखरतरच्या, दाभोळच्या मुलींनी करावे. त्या शिकलेल्या आहेत. ज्या स्वयंपाकघरात बाहेरचा अभ्यासक जाऊ शकत नाही, तिथे त्या जन्मल्या आहेत. आजीची लग्नगाणी, जमातीच्या जुन्या वह्या, आखातातून आलेली पत्रे, बोटीच्या कर्जाचे कागद, इमामाच्या डब्याचे किस्से, हे सगळे त्यांच्या हाताशी आहे. त्यांच्याबरोबर कुळवाडी आणि बौद्ध घरांतल्या मुलामुलींनीही बसावे. कारण ‘इंधन’ने दाखवले तसे, मुसलमान मोहल्ल्याची गोष्ट शेजारच्या वाडीशिवाय पुरी होत नाही. ती मराठीत लिहावी, म्हणजे ज्यांच्याबद्दल लिहिले ते वाचतील आणि चुकले असेल तर भांडतील. दोगोंदूचीच्या बायकांना मास्कलिएचे पुस्तक वाचून तिच्याशी भांडण्याची सोय नव्हती. रत्नागिरीच्या बायकांना ती असावी.

अशा लिखाणाने दंगली थांबतात किंवा मते बदलतात, असा माझा दावा नाही. एवढे मात्र नक्की होते: शेजाऱ्याबद्दल बोलताना माणसाला तपशील लागू लागतो. ‘ते लोक’ म्हणून सुरू होणारे वाक्य तपशिलापाशी अडखळते. कोणते लोक? जमाती की दालदी, बोटमालक की खलाशी, दर्ग्यावर जाणारे की न जाणारे, कुवेतचा मुलगा की गावात एकटी उरलेली आई? हा अडथळा मराठी बोलण्यात आणि मराठी लिहिण्यात यावा, यासाठी एका गावाचा अभ्यास पुरेसा आहे. मिरकरवाड्यापासून सुरुवात करता येईल, आणि ती या वर्षी करता येईल.